टाचेच्या कंडरेवरील शस्त्रक्रियेनंतरचे प्रारंभिक पुनर्वसन व पोटरीच्या बळाची पुनःप्राप्ती : चिखला (जि. भंडारा) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

टाचेमागील कंडरा तुटल्यानंतर ती शस्त्रक्रियेने जोडता येते. परंतु जोडलेली कंडरा आणि कार्यक्षम पाय या दोन भिन्न गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत कंडरेवर किती, केव्हा व कोणत्या दिशेने भार दिला जातो, यावर पोटरीचे भावी बळ मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रस्तुत लेखात कंडरेच्या जुळण्याची प्रक्रिया, प्रारंभिक पुनर्वसनाचे टप्पे, पोटरीचे बळ उणे राहण्याची कारणे व त्याच्या मोजमापाच्या सोप्या पद्धती यांचे विवेचन केले असून, खाणकाम व धानशेती यांवर जगणाऱ्या चिखला परिसरात या पुनर्वसनापुढे उभ्या राहणाऱ्या अडचणींचा विचार केला आहे.

बीजशब्द : अकिलीस कंडरा, पोटरीचे स्नायू, प्रारंभिक पुनर्वसन, टाच-उचल चाचणी, खाणकामगार, धानशेती.

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ओळखले जाते. १९६२ साली स्थापन झालेल्या व नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉयल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीमार्फत ही खाण चालविली जाते. याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे कंपनीची उघडी खाण आहे. खाणीचे आवार ओलांडले की धानाचे बांध सुरू होतात. खाण, शेती व त्यांवर अवलंबून असणारी मजुरी हेच येथील उपजीविकेचे मुख्य आधार होत. पूर्व विदर्भातील इतर गावांप्रमाणे येथील अनेक तरुण पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते.

भूमिगत खाणीतील चढउतार, रोवणीच्या चिखलातून पाय उपसत चालणे आणि वेळेशी स्पर्धा करीत धावणे ही तीन कामे वरकरणी भिन्न आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिन्हींचा भार एकाच ठिकाणी, म्हणजे पोटरी व टाच यांना जोडणाऱ्या जाड कंडरेवर येतो. ही कंडरा तुटली तर केवळ खेळ थांबत नाही, रोजी थांबते. म्हणूनच तिच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाचा प्रश्न हा क्रीडावैद्यकापुरता मर्यादित न राहता श्रमजीवी कुटुंबाच्या अर्थकारणाशी निगडित होतो.

२. कंडरेची रचना व कार्य

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, दोरखंडासारख्या भागास कंडरा म्हणतात. हा शब्द आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरा सांगितल्या असून त्यांपैकी चार पायांच्या ठिकाणी मोजल्या आहेत. पाश्चात्त्य परंपरेत टाचेच्या कंडरेस ग्रीक वीर अकिलीस याचे नाव मिळाले. ते रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप व्हर्हेयेन याच्या १६९३ मधील ग्रंथास दिले जाते.

पोटरीत दोन प्रमुख स्नायू आहेत. वरच्या बाजूस दिसणारा, दोन शिरांचा गॅस्ट्रोक्नेमियस हा गुडघ्याच्या वरून म्हणजे मांडीच्या हाडापासून निघतो. त्याखाली दडलेला रुंद व सपाट सोलियस हा गुडघ्याच्या खालून निघतो. हे दोन्ही स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या कंडरेत परिणत होतात. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही कंडरा शरीरातील सर्वांत जाड व बलवान कंडरा होय. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या अनेक पट ताण येतो, आणि वेगाने धावताना तो बारा पटींपर्यंत गेल्याचे प्रत्यक्ष मोजमापात आढळले आहे.

दोन स्नायूंच्या उगमातील हा फरक पुनर्वसनात अत्यंत महत्त्वाचा ठरतो. गुडघा सरळ असताना टाच उचलली तर गॅस्ट्रोक्नेमियसला अधिक काम पडते. गुडघा वाकलेला असताना तो सैल पडतो आणि मुख्य भार सोलियसवर येतो. सोलियस हा दीर्घकाळ न थकता काम करणारा स्नायू आहे. उभे राहणे, चालणे, ओझे घेऊन चढणे यांत त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून केवळ उभ्याने केलेला व्यायाम पुरेसा नसतो, बसून केलेला व्यायामही तितकाच आवश्यक असतो.

टाचेच्या हाडापासून सुमारे दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात या कंडरेचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. ती बहुधा याच ठिकाणी तुटते, आणि तिच्या सावकाश जुळण्याचे एक कारणही येथेच आहे.

३. इजेचे स्वरूप व निदानातील विलंब

कंडरा दोन प्रकारे तुटते. पहिला प्रकार बंद इजेचा. तिशी-चाळिशीतील, एरवी बैठे काम करणारा व अधूनमधून मैदानावर उतरणारा मनुष्य अचानक पुढे झेपावतो आणि मागून कोणीतरी पायावर काठी मारल्याचा भास होतो. बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉल खेळणारे अध्यापकही या वर्गात मोडतात. दुसरा प्रकार उघड्या जखमेचा. विळा, पत्रा किंवा धारदार दगड यांमुळे कंडरा कापली जाते. भारतीय अस्थिशल्यविशारदांनी याचे एक वैशिष्ट्यपूर्ण कारण नोंदविले आहे. उकिडव्याने बसण्याच्या शौचकूपात पाय घसरून फुटक्या चिनी मातीच्या भांड्याची धार टाचेमागे लागते आणि कंडरा कापली जाते. तडा गेलेले भांडे वेळीच बदलणे हा या इजेवरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

काही औषधांमुळेही कंडरा दुर्बल होते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन इत्यादी प्रतिजैविकांच्या वेष्टनावर कंडरा तुटण्याच्या धोक्याची ठळक सूचना छापावी, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली बंधनकारक केले. साठीपुढील व्यक्ती व स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांच्यात हा धोका अधिक असतो. कंडरेच्या आत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणेही धोक्याचे मानले जाते.

बंद इजेचे निदान हुकण्याचे प्रमाण लक्षणीय असून सुमारे एक पंचमांश रुग्णांत ती प्रथम तपासणीत लक्षात येत नाही, असे वैद्यकीय साहित्यात वारंवार नमूद केले जाते. कंडरा पूर्ण तुटली तरी पायाच्या बोटांना व घोट्याला हलविणारे इतर स्नायू शाबूत असतात. त्यामुळे रुग्ण लंगडत का होईना चालतो आणि 'पाय मुरगळला' असे समजून चोळणे, शेकणे, हाडवैद्याकडे जाणे यांत आठवडे जातात. वस्तुतः निदानास यंत्राची गरज नसते. रुग्णास पालथे झोपवून पावले खाटेच्या कडेबाहेर ठेवावीत व पोटरी हाताने दाबावी. कंडरा शाबूत असेल तर पाऊल खालच्या दिशेने हलते. तुटली असेल तर हलत नाही. सिमंड्स यांनी १९५७ मध्ये व थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये वर्णिलेली ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. चार ते सहा आठवडे उलटल्यावर तुटलेली टोके दूर सरकून आखडतात. मग साधी जोडणी अशक्य होऊन दुसऱ्या कंडरेचा आधार घ्यावा लागतो आणि पुनर्वसनही लांबते.

४. शस्त्रक्रियेचे स्थान

प्रत्येक तुटलेल्या कंडरेस शस्त्रक्रिया हवीच असे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या खान व सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात खुल्या शस्त्रक्रियेनंतर कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण ३.५ टक्के, तर शस्त्रक्रियेविना १२.६ टक्के आढळले होते. २०१० मध्ये विलिट्स व सहकाऱ्यांनी १४४ रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही गटांना लवकर हालचाल व लवकर भार देण्याचा समान कार्यक्रम दिला. त्या वेळी पुन्हा तुटण्याच्या घटना शस्त्रक्रिया गटात २ व दुसऱ्या गटात ३ एवढ्याच होत्या. नॉर्वेतील २०२२ च्या मोठ्या अभ्यासात ५२६ रुग्णांचे अंतिम विश्लेषण झाले. बारा महिन्यांनंतरच्या कार्यक्षमतेत गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत प्रत्येकी ०.६ टक्के होते. याउलट मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया गटांत अधिक होते.

उघड्या जखमेत कापलेली कंडरा, उशिरा आलेला रुग्ण आणि अंगमेहनतीचे काम करणारा मनुष्य यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेकडे कल असणे स्वाभाविक आहे. तथापि वरील आकडेवारीतून निघणारा निष्कर्ष असा की, कार्यक्षमतेचा निर्णय केवळ शस्त्रक्रियागृहात होत नाही. पुढील विवेचन शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णापुरते आहे.

५. विश्रांतीकडून हालचालीकडे

जोडलेली वस्तू हलवू नये, हा सर्वसामान्य समज आहे. दीर्घकाळ वैद्यकातही तोच संकेत होता. पाऊल खाली वळवून सहा ते आठ आठवडे प्लास्टर आणि तोपर्यंत पायावर भार नाही, ही पद्धत रूढ होती. तिच्यामागील भीती निराधार नव्हती, परंतु तिची किंमत मोठी होती. प्लास्टरमध्ये पोटरी झपाट्याने बारीक होते, घोटा आखडतो, कंडरा त्वचेखाली चिकटते आणि पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

कंडरेच्या जुळण्याच्या तीन अवस्था आहेत. पहिल्या काही दिवसांत दाह होऊन रक्तपेशी जखमेची सफाई करतात. त्यानंतर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत तंतुजनक पेशी नवे कोलॅजन निर्माण करतात, मात्र हे तंतू विस्कळीत व दुर्बल असतात. तिसऱ्या अवस्थेत, जी वर्षभर वा त्याहूनही अधिक चालते, तंतूंची फेररचना होते. तंतूंनी कोणत्या दिशेने रांगेत बसावे, याचा संकेत पेशींना ताणातून मिळतो. उंदरांवरील प्रयोगांत पोटरीचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे केले असता जुळणारी कंडरा स्पष्टपणे कमकुवत राहिली. म्हणजेच ताणाचा पूर्ण अभाव कंडरेस घातक आणि अतिताणही घातक. या दोहोंमधील मार्ग आखणे हेच प्रारंभिक पुनर्वसनाचे कार्य होय.

२००८ साली सुचक व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ११० रुग्णांच्या अभ्यासात दोन आठवड्यांनंतर पायावर भार देण्यास परवानगी दिलेल्या गटाची भार न देणाऱ्या गटाशी तुलना केली. सहाव्या आठवड्यास पहिल्या गटाचे दैनंदिन जीवन अधिक सुकर होते, आणि त्यासाठी पुन्हा तुटण्याची किंमत मोजावी लागली नाही. शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या ५४० रुग्णांवरील ब्रिटनमधील २०२० च्या अभ्यासातही प्लास्टरऐवजी आधारबूट देऊन लवकर भार दिल्याने पुन्हा तुटण्याचे प्रमाण वाढले नाही.

६. पुनर्वसनाचे टप्पे

पुढील टप्पे सर्वसाधारण आहेत. जोडणीची पद्धत, जखमेची स्थिती व रुग्णाचे वय यांनुसार शल्यविशारद व भौतिकोपचारतज्ज्ञ त्यांत बदल करतात.

(अ) पहिले दोन आठवडे : पाऊल खाली वळलेल्या स्थितीत आधारपट्टीत ठेवले जाते. कुबड्यांच्या साहाय्याने चालणे, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे, बोटांची हालचाल, मांडी व नितंबाचे व्यायाम एवढाच कार्यक्रम असतो. या काळातील मुख्य चिंता जखमेची असते. टाचेमागील त्वचा पातळ असल्याने जखम उकलणे वा पिकणे हे मोठे संकट ठरते. मधुमेह नियंत्रणात ठेवणे व तंबाखू बंद करणे येथे निर्णायक ठरते. विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन सर्वदूर आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच अल्प असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो, ही बाब रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. पोटरीत वाढती सूज व ठणका, छातीत दुखणे किंवा दम लागणे ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात; अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

(आ) तिसरा ते सहावा आठवडा : टाचेखाली पाचरी बसविलेल्या आधारबुटात क्रमाक्रमाने भार दिला जातो. सूज व वेदना पाहून दर एक-दोन आठवड्यांनी एकेक पाचर कमी करतात. दिवसातून काही वेळा बूट काढून पाऊल स्वतःच्या बळाने खाली वळविणे व काटकोनापर्यंतच वर आणणे हा व्यायाम दिला जातो. पाऊल काटकोनाच्या पलीकडे नडगीकडे वळविणे या काळात निषिद्ध असते. हाताने ओढून पोटरी ताणणे तर पूर्णतः वर्ज्य.

(इ) सातवा ते बारावा आठवडा : बूट हळूहळू सुटतो व साध्या पादत्राणात एक-दीड सेंटिमीटरची टाच ठेवली जाते. बसून टाचा उचलणे, रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल खाली ढकलणे, स्थिर सायकल चालविणे, त्यानंतर दोन्ही पायांवर उभे राहून टाचा उचलणे असा क्रम असतो. हा काळ सर्वाधिक फसवा आहे. वेदना थांबलेल्या असतात, बूट सुटलेला असतो आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटते. कंडरा मात्र अद्याप फेररचनेच्या प्रारंभी असते. घसरणे, पायरी चुकणे, खड्ड्यात पाय जाणे अशा क्षुल्लक प्रसंगांतून ती पुन्हा तुटण्याचा धोका याच सुमारास मोठा असतो.

(ई) चौथा ते सहावा महिना : एका पायावर टाच उचलण्याकडे प्रवास होतो. प्रथम दोन्ही पायांवर वर जाणे व इजा झालेल्या पायावर खाली येणे, मग भिंतीच्या आधाराने एका पायावर वर जाणे, नंतर आधाराशिवाय. तोल सांभाळण्याचे व्यायाम व जिना चढणे यांची जोड दिली जाते. न लंगडता वेगाने चालता येणे व एका पायावर टाच अनेकदा उचलता येणे या अटी पूर्ण झाल्याखेरीज धावणे सुरू करू नये. येथे दिनदर्शिकेपेक्षा क्षमता हाच निकष योग्य होय.

(उ) सहावा महिना व पुढे : उड्या, दिशा बदलून धावणे, ओझे घेऊन चढणे. स्पर्धात्मक खेळास नऊ ते बारा महिने लागणे अस्वाभाविक नाही. भारतीय संघातील गोलंदाज मोहम्मद शमी याच्या टाचेच्या कंडरेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सर्व सुविधा हाताशी असूनही त्याचे स्पर्धात्मक क्रिकेटमधील पुनरागमन नोव्हेंबर २०२४ मध्ये झाले. मजुरास सहा आठवड्यांत कामावर बोलावणे किती अवास्तव आहे, हे यावरून ध्यानात यावे.

७. पोटरीचे बळ उणे का राहते ?

उत्तम जोडणीनंतरही इजा झालेल्या पायाच्या पोटरीचे बळ दुसऱ्या पायापेक्षा १० ते ३० टक्क्यांनी कमी राहिल्याचे अनेक अभ्यासांत आढळते. याची दोन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण स्नायूची झीज. वापराविना स्नायू आठवड्यांत झिजतो, पण भरून येण्यास महिने लागतात. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, ते म्हणजे जुळताना कंडरेची लांबी वाढणे. धनुष्याची प्रत्यंचा बोटभर सैल झाली तर ओढणाऱ्याची बरीच शक्ती ढिलाई काढण्यातच खर्ची पडते. तसेच येथे घडते. कंडरा लांब झाली की स्नायू सुरुवातीपासूनच आखडलेल्या स्थितीत काम करू लागतो, आणि अतिशय आखडलेला स्नायू पुरेसे बळ निर्माण करू शकत नाही. परिणामी टाच थोडी उचलली जाते, पण शेवटच्या काही सेंटिमीटरांत पाय हार मानतो. जिना चढताना, उडी घेताना वा चढावर ओझे नेताना नेमका हाच शेवटचा भाग लागतो.

फिनलंडमधील संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतर सरासरी १४ वर्षांनी रुग्णांची पुन्हा तपासणी केली. इजा झालेली कंडरा सरासरी १२ मिलिमीटरने लांब होती. सोलियसचे आकारमान १३ टक्क्यांनी कमी होते आणि पोटरीच्या बळातील तूट १२ ते १८ टक्के होती. पायाचा अंगठा वाकविणारा खोलवरचा स्नायू मात्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेला होता. शरीराने आपल्या परीने केलेली ही भरपाई म्हणता येईल. पहिल्या वर्षात राहिलेली उणीव काळाच्या ओघात आपोआप भरून निघत नाही, हा या अभ्यासाचा बोध आहे.

यातून पुनर्वसनाचे दोन नियम निष्पन्न होतात. पहिल्या बारा आठवड्यांत कंडरा लांबू न देणे हा पहिला. 'पाय आखडला आहे, ताणून मोकळा करा' हा घरगुती सल्ला या काळात हितकारक नसून हानिकारक असतो, कारण किंचित आखडलेला घोटा पुढे मोकळा होतो, लांबलेली कंडरा मात्र व्यायामाने आखूड होत नाही. दुसरा नियम असा की, बाराव्या आठवड्यानंतर भार सातत्याने वाढविणे. केवळ चालण्याने पोटरीचे पूर्ण बळ परत येत नाही. आठवड्यातून तीन दिवस, दमेपर्यंत, क्रमशः वाढत्या वजनासह टाच उचलण्याचा व्यायाम किमान सहा महिने व शक्य तर वर्षभर चालू ठेवावा लागतो.

८. बळाचे मोजमाप

बळ मोजण्याची यंत्रे मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच असतात. परंतु टाच-उचल चाचणीस केवळ भिंत, खडू व मोजपट्टी लागते. रुग्णाने भिंतीस बोटे टेकून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर टाच शक्य तितकी उंच उचलावी व खाली आणावी. ठरावीक लयीत किती वेळा व किती उंच टाच उचलली, हे दोन्ही नोंदवावे. १९९५ च्या एका परिचित अभ्यासाने निरोगी प्रौढासाठी सुमारे २५ वेळा हा मानदंड सुचविला आहे.

केवळ संख्या मोजल्याने कशी दिशाभूल होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, रुग्णाने निरोगी पायावर २४ वेळा, प्रत्येक वेळी १० सेंटिमीटर टाच उचलली. इजा झालेल्या पायावर १८ वेळा, पण ७.५ सेंटिमीटरच उचलली. संख्येनुसार दुसरा पाय पहिल्याच्या ७५ टक्के ठरतो. संख्या व उंची यांचा गुणाकार केल्यास एकूण काम अनुक्रमे २४० व १३५ होते, म्हणजे दुसरा पाय केवळ ५६ टक्के. लपून राहिलेली ही तूट कंडरेच्या लांबीकडे निर्देश करते. बाराव्या आठवड्यास जवळपास निम्म्या रुग्णांना एका पायावर एकदाही टाच उचलता येत नाही, असे स्वीडनमधील अभ्यासात दिसून आले. त्यामुळे या टप्प्यावर निराश होण्याचे कारण नाही. तथापि सहा महिन्यांनंतरही ती उचलता येत नसेल तर तज्ज्ञास दाखविणे अगत्याचे ठरते. याशिवाय दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्याच्या वाटीखाली ठरावीक अंतरावर महिन्यातून एकदा मोजून ठेवावा.

९. चिखला परिसरातील अडचणी व शक्यता

शस्त्रक्रिया भंडारा वा नागपूर येथे होते आणि पुनर्वसन गावात व्हावयाचे असते. या दोहोंमधील अंतर हीच मूळ अडचण आहे. तज्ज्ञाकडे दर आठवड्यास जाणे म्हणजे दोन माणसांची रोजी बुडणे. त्यामुळे टाके निघाल्यानंतर पुढील भेटी गळून पडण्याची भीती असते.

दुसरी अडचण ऋतुमानाची आहे. मेअखेरीस शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा सातवा ते अकरावा आठवडा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमका धानाच्या रोवणीत येतो. पऱ्हे तयार असतात, पाऊस थांबत नाही, मजूर मिळत नाहीत आणि पाय दुखत नसतो. चिखलात रुतलेला पाय उपसताना पाऊल अनपेक्षितपणे वर वळते व जोडावर झटका बसतो. निसरड्या बांधावरून चालणे त्याहून धोक्याचे. या हंगामात रुग्णास बांधीत उतरू न देणे हे कुटुंबाने घ्यावयाचे कठीण पण आवश्यक पथ्य होय. कापणीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाचवा-सहावा महिना असतो. तेव्हा कोरड्या जमिनीवरील हलकी कामे क्षमतेनुसार सुरू करता येतात.

तिसरी अडचण उकिडवे बसण्याची. शौच, अंघोळ, भांडी घासणे, विळीवर चिरणे ही सर्व कामे ग्रामीण घरात बसूनच होतात. उकिडवे बसताना पाऊल नडगीकडे कमाल वळते. पुनर्वसनाचे परदेशी तक्ते खुर्ची व कमोड गृहीत धरूनच रचलेले असल्याने त्यांत याचा उल्लेख क्वचित आढळतो. पहिले तीन-चार महिने शौचासाठी मध्ये भोक असलेली खुर्ची किंवा स्टूल, अंघोळीस पाट्याऐवजी उंच स्टूल आणि चुलीऐवजी ओट्याजवळील काम अशी व्यवस्था करावी लागते. अनवाणी चालणेही या काळात टाळावे, कारण टाचेखालील उंचवटा नसल्यास प्रत्येक पावलागणिक कंडरा अधिक ताणली जाते.

भूमिगत खाणीतील कामगारासाठी प्रश्न वेगळा आहे. असमान जमीन, ओल, अंधार व चढउतार ही त्याच्या कामाची अंगभूत परिस्थिती असते. त्यास प्रथम पृष्ठभागावरील बैठे काम, नंतर उभ्याचे काम व अखेरीस भूमिगत काम अशा पायऱ्यांनी परत आणणे श्रेयस्कर. भूमिगत कामास पाठविण्यापूर्वी कामाच्याच बुटांत, ओझ्यासह चढउतार करवून घेणे ही साधी कसोटी उपयुक्त ठरेल.

साधनांची उणीव मात्र अजिंक्य नाही. रबरी पट्ट्याचे काम सायकलची जुनी ट्यूब करते. बसून टाच उचलताना गुडघ्यावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवता येते व दर पंधरवड्यास तिचे वजन वाढविता येते. उभ्याच्या व्यायामास पाठीवरील दप्तरात पुस्तके भरता येतात. घराची पायरी हे व्यायामाचे साधन होते. मात्र पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडण्याचा व्यायाम तज्ज्ञाच्या अनुमतीनंतरच करावा.

महाराष्ट्रात या विद्याशाखेस दीर्घ परंपरा आहे. श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय सुरू केले. मनुष्य ज्या कामावर जगतो त्या कामाकडे त्यास परत नेणे, हेच व्यवसायोपचाराचे सूत्र आहे. धानाच्या बांधीतील वा खाणीतील माणसासाठी ते आजही तितकेच लागू आहे.

ग्रामीण महाविद्यालयांनाही येथे भूमिका आहे. शारीरिक शिक्षण विभागाकडे मोजपट्टी, मैदान व प्रशिक्षित व्यक्ती असते. दूरच्या तज्ज्ञाने आखलेला कार्यक्रम जवळच्या मैदानावर पाहिला जाणे, टाच-उचल चाचणीची मासिक नोंद ठेवणे, भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना धावण्याचे अंतर एकाएकी न वाढविण्याची शिस्त लावणे आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून पोटरी दाबून पाहण्याची चाचणी आशा सेविकांपर्यंत पोहोचविणे ही कामे फारशा खर्चाविना होण्याजोगी आहेत.

१०. समारोप

टाचेच्या कंडरेची शस्त्रक्रिया ही उपचाराची सांगता नसून आरंभ होय. पूर्वीच्या दीर्घ विश्रांतीची जागा आता नियंत्रित हालचालीने व लवकर दिलेल्या भाराने घेतली आहे. मात्र 'लवकर' याचा अर्थ 'बेफिकीर' असा नाही. पहिल्या बारा आठवड्यांत कंडरेस लांबण्यापासून जपणे व त्यानंतर पोटरीस चिकाटीने बळ देणे, असा हा दुहेरी क्रम आहे. त्यातील पहिला भाग संयमाची, तर दुसरा परिश्रमाची परीक्षा पाहतो. चिखल्यासारख्या गावात या दोन्ही परीक्षा रुग्ण एकटा देऊ शकत नाही. रोवणीच्या दिवसांत त्याची जागा घेणारे कुटुंब, हलके काम देणारा मालक, गावातच नोंद ठेवणारी आशा सेविका किंवा क्रीडाशिक्षक आणि उकिडव्या बैठकीचा विचार करून पथ्य सांगणारा तज्ज्ञ, हे सर्व त्या पुनर्वसनाचे घटक आहेत. त्यांपैकी एकही दुवा निखळला तर उत्तम जोडलेली कंडराही दुर्बळ पायातच राहते.